दुसरा गियर

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी ठाण्यावर होती. हुद्दा हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. सकाळी साडेसहाला एमटी पार्कमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तळावर, फॉल-इन. सातपासून गाड्यांची तपासणी: तेल, पाणी, हवा, ब्रेक. दुसऱ्याच्या हातची गाडी आमच्याकडे आली की चाकं उघडून पाहिल्याशिवाय मी ती गेटबाहेर सोडत नव्हतो. जवान मागून मला खडूस म्हणायचे. म्हणू देत. माझ्या सहीने बाहेर पडलेली एकही गाडी दरीत गेली नाही, हे मी पूर्वी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. आता सांगत नाही.

लान्स नायक बिराप्पा आमचा रेडिओ ऑपरेटर. गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. घरी मेंढरं आणि पावसावरची ज्वारी. मी रहिमतपूरचा, बागायती भागातला, म्हणून तो मला 'ऊसवाले' म्हणायचा आणि मी त्याला 'मेंढरवाला'. सेटवर मात्र थट्टा नाही. वरच्या पोस्टवरून त्याचा आवाज यायचा, "वळणावर बर्फ. गाडी थांबवा. ओव्हर." जे दिसलं तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही. त्याच्या शब्दावर आम्ही रात्रंदिवस गाड्या चालवल्या.

त्याला पेन्शनवर यायला पाच महिने राहिले होते. आम्ही दोघं एकाच वेळी सुट्टीवर आलो. त्याला जुनी मोटारसायकल हवी होती. वस्तीपासून मुलीची शाळा सहा किलोमीटर, एसटी वेळेवर नाही. माझ्या मेहुण्याने कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका वाडीतली गाडी सांगितली. मालक एक रिटायर गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. एकहाती गाडी, रोज वाडीतून घाटाने खाली कोयनानगरच्या कॉलनीत आणि परत.

सकाळी दहाला आम्ही अंगणात पोचलो. गाडी पुसून उभी केलेली. मी इंजिनाला कान लावला. खडखड नाही, धूर नाही. तेल स्वच्छ. वाडीतल्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारली. चारही गियर पडले. ब्रेक दाबला, गाडी थांबली.

अण्णा खुशीत आले. "आवं, लय जपलीया गाडी. घाटात कवा इंजिन चालूच ठेवलं न्हाई मी."

"म्हणजे?" मी विचारलं.

"उतार लागला की न्यूट्रल, चावी बंद. गाडी आपसूक खालच्या पुलापातूर जाती. पुलाजवळ आलं की दुसरा टाकायचा, क्लच सोडायचा. एक झटका, की चालू. पेट्रोलचा थेंब न्हाई लागत."

मी हसलो. "अण्णा, आमच्यात असं केलं असतं तर तुमाला पाठीवर वजनाचा पिट्टू बांधून मैदानाला पळवलं असतं."

सगळे हसले. इथेच मी चुकलो.

गाडी आपल्या मालकाची सवय अंगात मुरवून घेते, हे मी स्वतः शेकडो रंगरुटांना शिकवलं आहे. उतारावर गाडी गियरमध्ये असली की इंजिन तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. आणि धावत्या गाडीला रोज दुसऱ्या गियरचा झटका दिला, की त्या गियरचे दात झिजतात. मग उताराच्या ओढीने गियर आपोआप सुटायला लागतो; सपाटीवर ते कळत नाही. अण्णांना कधीच कळलं नसतं, कारण ते गियरमध्ये घाट उतरतच नव्हते. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. चाक उघडायला पंधरा मिनिटं लागली असती. गाडी उतारावर नेऊन पाहायला पाच. पण मी सुट्टीवर होतो, चहा समोर आला होता आणि इंजिनाचा आवाज गोड होता. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. इथे फसलेला मेकॅनिक होता.

बिराप्पाने विचारलं, "वस्ताद, घिऊ का?"

"घे. इंजिन एकदम टकाटक हाय."

अकरा वाजून दहा मिनिटांनी निघालो. तो पुढे, मी माझ्या गाडीवर तीस मीटर मागे. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. निघताना मी त्याला बजावलं, "दुसऱ्यात उतर. न्यूट्रल करायचं न्हाई."

"रॉजर," तो म्हणाला.

पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाआधी त्याच्या इंजिनाचा चढलेला आवाज अचानक खाली बसला. गियर सुटल्याशिवाय असा आवाज बसत नाही.  त्याने पायाने गियर परत टाकला. आवाज चढला, पुन्हा बसला. गाडीचा वेग वाढला. मागचा ब्रेक लाइट पेटला तो विझेना. ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास माझ्यापर्यंत आला.

त्याने मागे न बघता सांगितलं, सेटवर बोलायचा तसं. "दुसरा टिकत न्हाई. ब्रेक न्हाई."

मी ओरडलो, "पहिला टाक! डोंगराकडं घे!"

त्या वेगात पहिला पडत नव्हता. गियर खरवडल्याचा आवाज मी ऐकला. तिसऱ्या वळणावर चार बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन वर येत होत्या. डावीकडे दरी, उजवीकडे गटार आणि मोरीचा दगडी कठडा. त्याच्याजवळ दोन सेकंद असतील. त्याने गाडी उजवीकडे घातली.

अकरा सतरा. मी त्याच्याजवळ पोचलो तेव्हा नाडी होती. मी त्याची मान धरून बसलो. एका बाईने पदर फाडून दिला. खालून एक जीप आली, आम्ही त्याला आत घातलं. दवाखाना यायच्या आधी माझ्या हातातली नाडी थांबली.

पोलिसांचं काम आटोपल्यावर मी ती मोटारसायकल मागून घेतली आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये स्वतः खोलली. पिस्टनवर ओरखडा नव्हता. दुसऱ्या गियरचे दात वापरलेल्या साबणासारखे गोल झाले होते. दोन्ही चाकांचे ब्रेक लायनर जळून गुळगुळीत झालेले. वीस मिनिटांत कळलं असतं ते मला कळायला महिना लागला. मी पाना खाली ठेवला आणि गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर रडलो.

मग जतला गेलो. वस्तीवर पाण्याचा टँकर आला होता. बिराप्पाची बायको महादेवी घागर ठेवून आली, ओसरीवर बसली. मी उभा राहिलो.

"वैनी, चूक माझी हाय. त्या म्हाताऱ्यानं समदं सांगितलं व्हतं. म्या हसण्यावारी नेलं. गाडी खोलली न्हाई."

 ती म्हणाली, "त्या दिशी फोन आल्ता त्यांचा. म्या म्हनलं, जुनी गाडी, नीट बगून घ्या. ते म्हनलं, हवालदार बगत्यात न्हवं, मग म्या कशाला बगू."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सुट्टीवरचा अपघात, त्यामुळे युनिटच्या स्मारकावर बिराप्पाचं नाव नाही. दर वर्षी स्थापना दिवसाला माजी सैनिक म्हणून मला बोलावणं येतं, मी जातो. सुभेदार मेजर साहेब स्मारकावरचं एकेक नाव वाचतात. मग दोन मिनिटांची शांतता. त्या शांततेत मी सावधानमध्ये उभा राहून ओठांतल्या ओठांत म्हणतो, लान्स नायक बिराप्पा, रेडिओ ऑपरेटर. मोठ्याने म्हणायची हिंमत माझ्यात नाही.