मिठातला सोडियम

तळहातावर चिमूटभर मीठ ठेवायचे आणि विचारायचे, "भाजलं का?"

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला त्यांनी हे विचारले. हुद्द्याने ते शिपाई. काचेची भांडी धुणे, द्रावणे भरून ठेवणे, फरशी पुसणे. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. तुमच्याही कॉलेजात असा एक माणूस असेल, ज्याच्यावाचून प्रयोग होत नाही आणि ज्याचे नाव कुठल्याही फळ्यावर नसते.

"नाही" म्हटले की मामा घासलेटच्या बाटलीतून सोडियम काढत, वाटाण्याएवढा तुकडा कापत आणि पाण्यात टाकत. तो सैरावैरा पळे, फुसफुसे, पिवळा भडका घेई.

"हाच मिठात आहे. मंग थो तिथं काहून पेटत नाही?"

आयनाची इंग्रजी व्याख्या आम्ही घोकलेली असे, पण या प्रश्नापुढे ती उपयोगी पडत नसे. मग मामाच सांगत, "सोडियमनं आपला एक इलेक्ट्रॉन सोडला, क्लोरीननं घेतला. दोघाइवर विजेचा भार आला. दोघाइचा स्वभाव बदलला. आता तो सोडियम राहिला नाही, सोडियमचा आयन झाला."

आणि कुणी पुन्हा "मिठात सोडियम असतो" म्हणालाच, तर हातातले फडके टाकून उभे राहत. "आयन म्हण. पुरं म्हण. अर्ध्या नावानं प्रयोग चुकते."

अकरा वर्षे दाराआड उभे राहून ऐकलेल्या व्याख्यानांतून हे आले होते. मॅट्रिक मात्र त्यांनी बाहेरून बसून रीतसर केले होते.

माझे वडील दर्यापुरात सभांची पत्रके वाटत. मी अक्षरे त्या पत्रकांवरच शिकलो. विसाव्या वर्षी मीही पत्रके लिहीत होतो. जगातला प्रत्येक अन्याय मला पाठ होता.

सत्तावन्न साली प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. मामांना आयुष्यात हवी असलेली ही एकच गोष्ट. पण वयाची अट ते चार वर्षांनी ओलांडून बसले होते. अनुसूचित जातींना वयात सवलत होती. मामा आदल्याच वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते, आणि बौद्धांना ती सवलत नव्हती.

अर्ज माझ्या अक्षरात होता, म्हणून ऑफिसात मीही सोबत गेलो. बडे बाबू भला माणूस. अर्ज वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अरे बाप्पा, जुनी जात लिही ना! जागा तुलेच भेटून राहिली. घरी बुद्धाले हात जोड, कोण अडवते?"

आणि तडजोड म्हणजे मरण असे भिंतीभिंतीवर चिकटवणारा मी, मीच म्हणालो, "मामा, लिहा ना. एक शब्द त आहे. पोरीची शाळा आहे, मामीचं औषधपाणी आहे."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. "तू म्हणतं हे? मंग भितीवर काय गवऱ्या थापतं का?"

बडे बाबू हसले. मामा हसले नाहीत.

"आयनाचा परत सोडियम करता येते, बाबूजी. पण लय जबर वीज लावा लागते. अन् मंग त्याले जलमभर घासलेटात बुडवून ठेवा लागते, हवा लागू द्याची नाही. मले नाही बसाचं त्या बाटलीत."

अर्ज तसाच गेला. तसाच परत आला.

नवा सहायक आला. नुकताच बी. एस्सी. झालेला, गरीब स्वभावाचा. मिठाच्या पाण्यात वीज सोडण्याचा प्रयोग मामांनीच त्याला शिकवला. आयन विजेच्या आपापल्या कांडीकडे कसे ओढले जातात, क्लोरीनचे बुडबुडे कुठल्या कांडीपाशी येतात, सगळे. वहीत सही त्याची. "सर, तुमी खिडकीपाशी उभे राहा," मामा म्हणत, आणि स्वतः त्या वायूत भांड्यापाशी उभे राहून खोकत.

त्या दिवसांत मला रागसुद्धा येईना. पत्रक लिहायला बसलो की कागद कोराच राही.

दोन वर्षांत त्यांचा खोकला इतका वाढला की बाटल्या उचलवेनात. नोकरी गेली. बिऱ्हाड घेऊन ते अकोल्याला मेव्हण्याकडे गेले आणि तिथे एका जिनिंगमध्ये लागले. ज्या छातीला हवा हवी होती, तिच्यात आता कापसाची भुकटी जाऊ लागली.

पुढे महाराष्ट्र झाला, आणि राज्याने बौद्धांनाही त्या सवलती लागू केल्या. ती बातमी वाचली तशी वर्तमानपत्र काखेत मारून मी बडनेऱ्याला गाडी पकडली. अकोला येईपर्यंत नव्या अर्जाचा मजकूर मनात जुळवून झाला होता.

मामी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मामा कुठे, असे विचारले तर म्हणाल्या, "तुमाले कळलं नाही का? पोळ्याच्या आदल्या हप्त्यातच गेले."

तरी मी ती बातमी वाचून दाखवली. मूर्खासारखी, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत. मला थांबताच येईना. वयाच्या सवलतीपाशी आलो तेव्हा मामींचे हात थांबले.

"आता त्याइचं वय वाढत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "भरा अर्ज."