सुषमाच्या सिनेमाला माणसं

३ डिसेंबर. चादरींना खळ घालत होते, तेवढ्यात सुषमाचा निरोप आला. "रविवारी नागपुरात माझा सिनेमा दाखवतेय. मागच्या वेळी खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसं आण."

खळीच्या वासानं मी मनानं थेट खापा गावात पोचले. कॉलेजात असताना आम्ही दोघींनी तिथं छोटा सिनेमा केला होता. गोष्ट माझी, कॅमेरा तिचा. अशीच कडक चादर शाळेच्या भिंतीवर ताणली आणि घरोघरी बोलावणं करायला निघालो. मी दारात उभी राहून गोष्ट समजावून सांगायची. बायका "पाहू" म्हणायच्या. सुषमा एवढंच म्हणायची, "काकू, तुमची म्हैस हाय ना सिनेमात."

"माही म्हैस? अन् मले आत्ता सांगून राहिली वं?"

संध्याकाळी पटांगण भरलं. म्हैस दिसताच टाळ्या पडल्या. सिनेमा संपल्यावर सगळे सुषमाभोवती जमले. मी एकटी चादर सोडवत होते आणि आतून नुसती जळत होते. गोष्टीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. आता वाटतं, त्या गोष्टीसाठी मीही घरातून निघाले नसते. जळणं मात्र कमी झालेलं नाही.

४ डिसेंबर. आज सकाळी आमच्या इमारतीतलं एकेक दार वाजवून मी मिनीबस भरेल एवढी माणसं गोळा केली. सुषमाला फक्त "बघते" एवढंच कळवलं.