डीपीशेजारचं शून्य

बोनकोड्यात मी भाड्याने राहते, त्या इमारतीची मालकीण माझ्या आईच्या वयाची. रबाळ्याहून काम संपवून आले की मी तिच्या ओट्यावर बसायचे. "जेवलीस का?" असं या अख्ख्या शहरात मला विचारणारी ती एकटीच. आईवडील गेल्यापासून माझा फोन कामापुरता वाजतो. मी कारखान्यांतलं वायरिंग तपासते. तोंडाने फटकळ आहे, त्यामुळे मैत्रिणी जमल्या नाहीत, हेही कबूल करते.

इमारतीच्या तळमजल्यावर तिच्या वायरमन पुतण्याने नवं पॅनल बसवलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पॅनल रस्त्यावरच्या डीपीला, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरला, अगदी खेटून. "तूच तपासून चांगला हाय म्हनून लिवून दे," ती मला म्हणाली.

मी माझा तपासणीचा मीटर लावला. बिघाड झाला तर करंट ज्या वाटेने डीपीकडे परत जातो, त्या वाटेचा अडथळा मोजायचा होता. आकडा आला शून्य. पुन्हा लावला, शून्याच्या किंचित वर. परत शून्य. अडथळाच नाही म्हणून पुतण्या खूश. परीक्षेत भोपळा मिळाल्यावर पेढे वाटणारा मी तो एकच पाहिला! डीपीशेजारी हा अडथळा इतका कमी असतो की आमच्या मीटरला तो दिसतच नाही. आणि अडथळा जितका कमी, तितका बिघाडाचा करंट मोठा. तिथे गणित करून अंदाज बांधावा लागतो. मी जाळीतून डीपीवरची पाटी वाचली, केबलची लांबी चार मीटर धरली आणि वहीत आकडेमोड केली. काही बिघडलं तर चौदा हजारांच्या आसपास अँपिअर धावणार होते. ब्रेकर जास्तीत जास्त किती करंट तोडू शकतो, तो आकडा त्यावर छापलेला: दहा हजार. म्हणजे करंट तोडायच्या नादात ब्रेकरच फुटणार, आणि तोही समोर उभ्या असलेल्याच्या तोंडावर. पाण्याचा पंप तिथूनच चालू होतो आणि तो रोज तीच चालू करते.

तिला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. मी पुतण्यासमोरच म्हणाले, "हे ब्रेकर काढावे लागतील."

"माज्या पुतन्याचं काम हाय. मीटर सांगतंय चांगला हाय, तं तू कोन वाकडा बोलनारी?"

मी सही केली नाही. वहीतलं पान फाडून तिच्या हातात दिलं आणि वर गेले. पानावर तिचा विश्वास बसला असावा, कारण महिन्याभराने दुसऱ्याच वायरमनने मोठे ब्रेकर बसवले. पुतण्याने मात्र घरी येणं सोडलं, आणि खापर माझ्या माथी फुटलं. न झालेल्या अपघाताचे आभार कोण मानणार?

आता सकाळी पंपाचा आवाज आला की मला बरं वाटतं, अगदी मनापासून. संध्याकाळ मात्र खायला उठते. परवा मी खाली उतरले. ती ओट्यावर एकटीच लसूण सोलत बसली होती, मधोमध. थोडी सरकेल, जागा करील, म्हणून मी पायरीपाशी थांबले.

ती सरकली नाही.