त्या दोघांना नातीची वेळ मीच सांगितली

इंदिरानगरच्या ग्रुपवाल्यांनो, घाईघाईत लिहितेय. चुका असतील तर समजून वाचा.

माझी सून नगरसेविका. आमचं दार सकाळपासून उघडंच असतं. कुणी दाखल्याला येतं, कुणी नळाला पाणी नाही म्हणून. येईल त्याला मी चहा देते. आज दुपारी दोघं आले. इस्त्रीचे कपडे, पायासुद्धा पडले. मला वाटलं, दाखलाच हवा असेल.

"आजी, नात दिसत नाही?"

"क्लासला गेलीय. सहाला सुटते."

"एकटीच येते?"

"मग काय, वरात काढू तिची?"

दोघं हसले. कप खाली ठेवून एक जण म्हणाला, "मॅडमना सांगा, नाल्यात भराव टाकल्याची तक्रार मागे घ्या. सहाला सुटते ना नात?"

वेळ मीच सांगून बसले होते. असली अक्कल माझी!

नाला बुजला की खालच्या वस्तीत घराघरांत पाणी शिरतं, म्हणून सून भराव टाकणाऱ्या बिल्डरशी भांडतेय. मी तिला फोन केला. तिनं क्लासमधून पोरीला उचललं आणि तशीच पोलीस चौकीत गेली. घरी आल्यावर मी म्हटलं, "घे बाई ती तक्रार मागे."

ती म्हणाली, "आई, मग वस्तीतल्या पोरांचं काय?"

तिचं खरं होतं. भीती मात्र गेली नाही.

निवडणुकीत "ताई आमच्या" म्हणून घसे फोडत होतात ना? मग उद्या सहाला क्लासच्या दारात माझ्यासोबत कोण उभं राहतंय? अंगठे पाठवू नका. नाव लिहा.