क्षमाने परत आणलेली नदी

गोव्यातल्या नार्वे गावच्या क्षमाला लहानपणापासून पाण्याकडे बघत राहायची खोड होती. वडील गोकुळदास नदीकाठच्या शेतात राबत, आणि ही बांधावर तंद्री लावून बसलेली. पुढे ती संगणक शिकली, पणजीजवळच्या एका संशोधन संस्थेत लागली. तिथेही वाट्याला नदीच आली: भरतीचं खारं पाणी आत कुठवर शिरतं, याचं गणित.

हे गणित संस्थेच्या संगणकाला पेलवत नसे. ते परदेशातल्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या शेकडो यंत्रांवर पाठवावं लागे. काम तिथे पोचवायचं आणि उत्तर परत आणायचं, हे बघणारी मधली प्रणाली म्हणजे मिडलवेअर. ती जुनाट झाली होती. नवी बसवायची जबाबदारी क्षमावर आली.

गणेश चवथीच्या सुट्टीआधी तिने नव्या प्रणालीतून पहिलं मोठं काम पाठवलं. काम पूर्ण झाल्याचा निरोप आला. उत्तर मात्र आलंच नाही. ती सुट्टीत घरी असताना सहकारी दत्तप्रसादचा फोन आला.

"जुनी प्रणाली परत चालू करूया?"

"आजचा दिवस थांब रे."

ती बांधावर जाऊन बसली. ओहोटी लागली होती. समोरच्या संथ पाण्यावर ऊन डुलत होतं, आणि तिला दिसत होती ती दुसरी नदी: बर्फाच्या देशात, गार खोलीतल्या यंत्रांत वाहून वाहून थांबलेली, घरी यायची वाट विसरलेली. वाट! ती दचकली. कामासोबत परतीचा पत्ता जुन्याच प्रणालीचा गेला होता.

घरी येऊन तिने आपल्या संगणकावरून, टेलिफोनच्या तारेने ते दूरचं यंत्र गाठलं. उत्तर तिथेच पडून होतं. पत्ता बदलला, तसं चित्र पडद्यावर पट्टीपट्टीने उमटू लागलं. गोकुळदास मागे येऊन उभे राहिले.

"ही आमची न्हंय?"

"होय बाबा, आपलीच नदी."

"आनी इतके दीस खंय होती गो?"

"परदेशात."

तिने कळ दाबली. पडद्यावर भरती चढू लागली, नदीच्या निळ्यात खाऱ्या पाण्याचं हिरवं मिसळत गेलं. आतून आईने जेवायला हाक मारली, पण दोघंही हलली नाहीत.

सुट्टीनंतर जुनी प्रणाली कायमची बंद झाली. दत्तप्रसादने पेढे वाटले. क्षमाला उगाचच हुरहूर लागली: आता नदी वाट चुकणार नव्हती, आणि तिला शोधायला बांधावर बसावंही लागणार नव्हतं. पेढा हातात धरून ती कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.