वहिनीच्या तळ्यातलं शेवाळ

कावळे वहिनीसाठी आले नव्हते.

त्या दिवशी पाहुणे होते, भटजी होते, म्हणून मी गप्प बसलो. आज बसणार नाही.

तिथीने नलूवहिनीचं वर्षश्राद्ध मागेच झालं. तारखेने आज वर्ष झालं तिला जाऊन.

डहाणूला माझ्या भावाच्या घरामागे, चिकूच्या वाडीला लागून, वहिनीचं तळं आहे. तळं कसलं, हौदापेक्षा जरा मोठं. त्यात लिली आणि तिचे मासे. भाऊ गेल्यावर तिने तिथेच जीव रमवला.

शेजारच्या जयाबेन रोज सकाळी भिंतीवरून गुजरातीत माशांची खुशाली विचारायच्या, "नलूबेन, माछली मजामां?"

"मजामां! आणि मेलं शेवाळ पण मजामां!"

शेवाळाशी तिचं हाडवैर. सुरुवातीला ती पण चुकली. सगळं पाणी उपसायची, काथ्याने घासून तळं लख्ख करायची. आठवडा जात नाही तोच पाणी परत पोपटी.

मग घासणं सोडलं आणि काठावर बसून नुसती बघत राहिली. हळूहळू तिला उमगत गेलं.

लिलीच्या पानांची सावली पाण्यावर हवी. माशांना खाणं चिमूटभरच. वाडीतलं खताचं पाणी आत येऊ नये म्हणून कडेला मातीचा बांध. आणि भाताचा पेंढा, तो पाण्यात कुजताना शेवाळाला आवरतो. तो सायवन गावाहून मागवायची, जुडी जाळीत बांधून पाण्यात सोडायची. कुजली की नवी.

एवढं करून लांब तंतू आलेच, तर काठीला गुंडाळून काढायची. शेवया गुंडाळाव्यात तशा.

एकदा मी मदतीच्या जोशात कडेचं हिरवं खरवडायला गेलो. हातावर चापट!

"भाऊजी, ते माशांचं ताट आहे. तुम्ही जेवत असताना कुणी ताट घासायला नेलं तर चालेल?"

शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये होती. तोंडावर मास्क. मी जवळ गेलो तर तो बाजूला करून म्हणते काय,

"पेंढा बदलला का?"

मी म्हटलं, "तू आधी बरी हो."

"मी होईन नाहीतर नाही होणार. पेंढा बदला. आणि त्यात कुणाला औषधं ओतू देऊ नका."

वर्षभर मी तलासरीहून जमेल तसा जायचो. बस बदलायला चारोटीला ताटकळायचो, पण जायचो. पाणी कधी हिरवट असायचं, कधी स्वच्छ. मासे मात्र मजेत होते.

मग श्राद्ध आलं, आणि माझ्या पुतण्याला, मंदारला, स्वच्छतेचा झटका आला.

पाहुणे येणार. घरामागे हे डबकं कसं दिसेल?

त्याने पेंढ्याची जुडी कचरा समजून उकिरड्यावर फेकली. लिली पानांसकट छाटली, फुलं आईच्या फोटोला वाहिली. आणि चिकूवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारायला आणलेलं निळं मोरचूद शेडमध्ये पडलं होतं, ते ओंजळीने तळ्यात टाकलं.

का, तर झाडावरची बुरशी जाते, मग शेवाळ का नाही जाणार!

गेलं ना. सगळं गेलं.

श्राद्धाच्या सकाळी मी पोचलो तर हा मला हात धरून मागे घेऊन गेला. "काका, पाणी बघा. स्विमिंग पूल वाटतोय की नाही?"

निळंशार पाणी. तळ दिसत होता.

"मासे कुठेत रे?"

"तीन-चार आहेत ना खाली. बाकीचे... सकाळी वर तरंगत होते. पाहुण्यांना वास नको म्हणून मागे चिकूखाली टाकले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात आतून हाक आली. भटजी खोळंबले होते.

कावळ्यासाठी पान ठेवलं. वडे, खीर, सगळं साग्रसंगीत. आणि पान ठेवतोय तोच कावळ्यांचा थवा उतरला!

"बघा, बघा! लगेच आले! काही इच्छा राहिली नाही हो माउलीची!" भटजी म्हणाले.

सगळ्यांनी हात जोडले. मंदारचे डोळे भरून आले.

एकही कावळा पानाकडे फिरकला नाही. सगळे चिकूखाली गेले होते.

अरे, तिची इच्छा चोचीत धरून नेत होते ते! आणि तुम्ही हात जोडताय!

पाहुणे गेल्यावर मी बोललो. मंदार म्हणाला, "काका, तिच्यासाठीच केलं ना मी."

याचाच तर जास्त राग येतो. पोरगा वाईट नाही. आईच्या फोटोपुढे खरोखर रडला. पण आई काठावर बसून बघत होती तेव्हा, काय बघतेस म्हणून एकदा तरी शेजारी बसला असता!

उरलेले मासे टबात काढले. पाणी उपसलं, भरलं, परत उपसलं. मंदारने बादल्या ओढल्या.

परवा त्याचा फोन.

"काका, कडेला परत हिरवं धरायला लागलंय. काय करू?"

"काही करू नकोस! हात मागे बांध आणि काठावर बस!"

आज गेलो. भिंतीला हिरवी मखमल धरली होती. टबातून परत सोडलेले मासे तिला तोंड लावत होते. मंदार काठावर बसला होता, हात खरंच मागे.

जयाबेन भिंतीवरून डोकावल्या. वर्षभर त्यांनी तो प्रश्न विचारला नव्हता.

"मंदार बेटा, माछली मजामां?"

तो पाण्यावर वाकून उरलेले मासे मोजायला लागला. राग अजून गेलेला नाही माझा, आणि इतक्यात जायचाही नाही.

लिलीचा कंद जिवंत आहे. पान यायला वेळ लागेल.

वहिनी, पेंढा बदलला.

आता निवांत नीज. तुझ्या धाकट्या दिराचा नमस्कार.