जिल्हा नवा, गिअरबॉक्स भंगारातला

"वाघमारे, लॉगबुकात जो गिअरबॉक्स लिहिलाय तोच बसणार. बसवा," साहेब म्हणाले.

"साहेब, लॉगबुक क्लचप्लेटमध्ये घुसत नाही," मी म्हणालो.

मी पिकअपखाली पाठीवर पडलो होतो. तिथून साहेबांचे फक्त बूट दिसत होते. बुटांना उत्तर देणं सोपं जातं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. जुन्या जिल्ह्याकडून खुर्च्या, कपाटं, गाड्या असं सगळं यादीप्रमाणे वाटून आलं. आमच्या सरकारी वर्कशॉपच्या वाट्याला एक जुनी पिकअप आली. दारावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून वर नवं रंगवलं होतं, तरी खालचं दिसायचंच. त्यात दुष्काळ पडला. पिकअपवर पाण्याची टाकी चढवली आणि तिला जळकोटकडच्या एका टेकडीवरच्या वस्तीला लावली. मोठा टँकर तो चढ चढायचा नाही. तो खाली गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. त्या विहिरीवर वस्तीतल्या बायांचा नंबर शेवटी, आणि नंबर येईस्तोवर तळाला गाळ. वस्ती कुणाची होती हे वेगळं सांगायला नको. मी तशाच वस्तीत वाढलोय.

म्हणजे पिकअप थांबली की वस्तीचं पाणी थांबलं. आणि पिकअप थांबली होती. भर चढावर पहिल्या गिअरचे दात उडाले होते.

स्टोअरने लॉगबुक बघून दुसरा गिअरबॉक्स दिला. आता थोडं समजावून सांगतो. गिअरबॉक्समधून पुढे एक शाफ्ट निघतो. त्यावर लांब, उभे दात असतात. ते क्लचप्लेटच्या मधल्या भोकातल्या खाचांमध्ये बसले तरच इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. आमच्या क्लचप्लेटला खाचा दहा. स्टोअरच्या शाफ्टला दात चौदा. मी तीनदा मोजले. मग इंजिन नंबर लॉगबुकाशी ताडून पाहिला, तोही जुळेना. वाटणीच्या घाईत कुणीतरी दोन पिकअपच्या लॉगबुकांची अदलाबदल केली होती. गाडी आमची, कुंडली दुसरीची.

हे मी साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"हे वर कळवलं तर सगळे कागद परत जातील. सहा महिने जातील. त्यापेक्षा गाडी कंडम दाखवू."

"आणि वस्ती?"

"गावात टँकर जातोच आहे ना."

माझं डोकं फिरलं. हातात पाना होता, तो आधी खाली ठेवला.

"साहेब, दोन दिवस द्या. नांदेडच्या भंगारात बघतो."

"भंगारातल्या मालाला परवानगी मिळणार नाही."

"परवानगी मागितलीच नाही. दिवस मागतोय, माझ्या रजेतले."

ड्रायव्हर व्यंकटला बरोबर घेतलं आणि एसटीने नांदेड गाठलं. तिथे रशीदभाईंचं भंगाराचं दुकान होतं. पत्र्याच्या शेडमध्ये गिअरबॉक्सचा ढीग पडला होता. दहा दातांचे दोन निघाले, बाहेरून अगदी सारखे.

"उस्ताद, कुठला बी उचला," रशीदभाई म्हणाले. "एकच माल हाय."

मी मान हलवली. आमचा मोडका बॉक्स मी आधीच खोलून आतले दात मोजले होते. पहिल्या गिअरला पुढचा शाफ्ट सहा फेऱ्यांहून थोडा जास्त फिरला की मागचा एकदा फिरतो, असा हिशेब निघाला होता. म्हणून दोन्ही बॉक्स पहिल्या गिअरला टाकले, शाफ्टवर खडूची खूण केली आणि हाताने फिरवत बसलो. पहिला चार फेऱ्यांतच उरकला. तो सपाट रस्त्याला ठीक. भरलेली टाकी घेऊन चढावर गेला असता तर इंजिनच बंद पडलं असतं. दुसरा सहाच्या पुढे गेला. त्याचं ऑइल बोटांवर चोळून पाहिलं. काळं होतं, पण चकाकी नव्हती. चकाकी असली की समजायचं, आतलं लोखंड झिजून ऑइलात उतरलंय.

"तास झाला, तुमी फिरवूनच राहिले," रशीदभाई वैतागले. "इतकं तर सोयरीक जमवताना बी कुनी बघत न्हाई."

"सोयरीक मोडता येते, रशीदभाई. चढावर भरली टाकी मागं आली तर काय मोडायचं?"

ते हसले. सौदा असा ठरला: हा बॉक्स मला, आमचा मोडका काम झाल्यावर त्यांना.

"सरकारी माल हाय न्हवं? लफडं हुईल बगा."

"होईल. पण माझं होईल."

परत येऊन व्यंकट आणि मी कामाला लागलो. जॅकवर बॉक्स चढवला, पुढे सरकवला. शेवटच्या इंचाला अडला.

"बोल्ट आवळून वढून घेऊ की," व्यंकट म्हणाला.

"बोल्ट जातो तो कान तुटेल त्याचा."

चूक माझीच होती. साहेबांवरच्या रागात मी क्लचप्लेट मधोमध न धरताच आवळली होती. बॉक्स पुन्हा उतरवला. मोडक्या बॉक्सचा शाफ्ट काढून तो प्लेटमध्ये घातला, प्लेट मध्यावर आणली आणि मग बोल्ट आवळले. या वेळी नांदेडचा बॉक्स मुकाट्याने आत गेला.

टाकी भरून आम्ही निघालो. चढाला व्यंकटने पहिला गिअर टाकला. इंजिन ओरडत होतं, गाडी मुंगीच्या चालीनं सरकत होती, पण थांबली नाही. वर बाया घागरी घेऊन उभ्या होत्या.

"आलास व्हय?" एक म्हातारी व्यंकटला म्हणाली. "आमाला वाटलं, सायबानं बंद केली."

"सायेब बंद करून राहिले हुते, मावशी. मिस्त्रीनं ऐकलं न्हाई."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा आले. "तो बॉक्स काढा. बेकायदेशीर आहे."

मी गाडीखालून बाहेर आलो आणि उभा राहिलो. "काढतो. लेखी आदेश द्या. आणि त्यात वस्तीचं नाव घाला, म्हणजे पाणी कुणी बंद केलं ते कळेल."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. थोडा वेळ हातात धरलं आणि परत खिशात ठेवलं. पिकअप पाऊस येईपर्यंत त्या चढावर धावली. मला मात्र मेमो मिळाला.

निवृत्त होताना सर्व्हिस बुक पाहायला मिळालं. त्यात लाल शाईत शेरा आहे: 'विनापरवानगी शासकीय वाहनाचा गिअरबॉक्स बदलला.' क्लार्क भला माणूस. म्हणाला, "अर्ज करा, काढून टाकता येईल."

मी म्हणालो, "राहू द्या. त्या पिकअपबद्दल सरकारी कागदावर जेवढं लिहिलंय, त्यातलं खरं तेवढंच आहे."